बडोद्याहून मे महिन्यात खडकाळ समुद्रकिनारा: कुठे, किती वाजता आणि पायात काय?

वाडीकर
मंडळी, सल्ला हवा आहे. मे महिन्यात चार दिवस समुद्रावर जायचं ठरतंय. नऊ जण आहोत: सहा मोठे, ७ आणि ११ वर्षांची दोन मुलं आणि ७२ वर्षांचे बाबा. बाबांना मधुमेह आहे, पण चालणं उत्तम आहे. पसरलेला वाळूचा किनारा नको. मुलांना खडकांत साचलेलं पाणी, त्यातले खेकडे, मासे, शंखातले प्राणी दाखवायचे आहेत. यादीत सध्या गोपनाथ, दीव, जामनगरजवळचं नरारा आणि कोकणात हरिहरेश्वर अशी चार नावं आहेत. यातलं कुठलं घ्यावं? दिवसाच्या कुठल्या वेळी जावं? खडकावर पायात काय घालावं? आणि मुख्य म्हणजे मे महिन्याच्या उन्हात हे करावं का? घरातल्या निम्म्या मंडळींचं मत "दिवाळीत जा" असं आहे.

रावपुरा
बडोद्याचा समुद्र म्हणजे सुरसागर तलाव, तिथे भरती-ओहोटीची कटकट नाही. :) शुभेच्छा, उत्तरं वाचायला बसलोय.

भरतीओहोटी
ठिकाण शेवटी ठरवा, आधी दिवस ठरवा. खडकाळ किनाऱ्यावर जे पाहायचं ते ओहोटीलाच उघडं पडतं. भरतीला तिथे खडकही नसतो आणि उभं राहायला जागाही नसते. म्हणून शनिवार-रविवार न पाहता पंचांग उघडा.

अमावस्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त उतरते. अष्टमी-नवमीला भांग असतो, पाणी फारसं चढत नाही, फारसं उतरतही नाही. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. द्वितीयेला दीड वाजता, चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. त्याच्या सव्वासहा तास मागे-पुढे ओहोटी.

आता उन्हाळ्याला हा हिशोब लावून बघा. अष्टमीला ओहोटी ऐन बारा वाजता येते आणि पाणीही कमी उतरतं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. पौर्णिमा-अमावस्येला पाणी खूप उतरतं, पण पहाटे साडेपाचला, म्हणजे अंधारात. द्वितीया-तृतीयेला मात्र ओहोटी सकाळी सात ते आठच्या मध्ये येते आणि उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. उन्हाळ्यात खडक बघायला महिन्यातून दोनदा येणारे हेच तीन-चार दिवस. सहा वाजता उजाडतं, तेव्हा किनाऱ्यावर हजर राहायचं, साडेनऊला परत.

हा हिशोब मुंबई-रत्नागिरीच्या पट्ट्यातला आहे. दीवला थोडा फरक पडतो. खंभातच्या आखातात तो चालतच नाही, कारण पाणी चिंचोळ्या जागेतून आत शिरायला वेळ घेतं आणि भावनगर-घोघ्याला भरती मुंबईपेक्षा तीन-चार तास उशिरा येते. तिथे उधाणाच्या दिवसांत ओहोटी भर दुपारकडे सरकते. त्यामुळे गोपनाथसाठी मुंबईचा तक्ता वापरू नका. तिथीवरून फक्त तारीख निवडा, वेळ मात्र त्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या. सर्वे ऑफ इंडिया दरवर्षी ते तक्ते छापतं आणि मोबाइलवरही ते दिसतात.

वाडीकर
हे माहीतच नव्हतं. आम्ही हॉटेल बघून शनिवार धरला होता. त्या दिवशी पंचांगात नवमी निघाली!

भरतीओहोटी
मग बदलाच. अजून एक गणित लक्षात ठेवा, मुलं बरोबर आहेत म्हणून सांगतो. पाणी एका वेगाने चढत नाही. ओहोटी ते भरती सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन भाग, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक. समजा फरक ६ मीटरचा आहे. पहिल्या तासात पाणी जेमतेम अर्धा मीटर चढतं आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात तेच दीड मीटर चढतं, म्हणजे सात वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्याही वर. म्हणून ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरायचं, उतरणाऱ्या पाण्यामागे बाहेर जायचं आणि ओहोटीची वेळ झाली की परत फिरायचं. चढतं पाणी अंगावर घेत परतायचं नाही.

आणि पाणी समोरून येतं असं वाटतं, ते खरं नाही. खडकांत घळी असतात. पाणी आधी त्या घळींतून तुमच्या मागे शिरतं आणि तुम्ही उभे असलेला खडक बेट होतो. जाताना मागे वळून घळी कुठे आहेत ते पाहून ठेवा.

कातळ
भरतीओहोटी यांचा प्रतिसाद छापून फ्रीजवर लावण्यासारखा. मी फक्त दगडाबद्दल लिहितो, कारण यादीतल्या चार ठिकाणांचे दगड वेगवेगळे आहेत आणि पायात काय घालायचं ते त्यावर ठरतं.

कोकणात लाटांनी सपाट केलेला काळा कातळ असतो, म्हणजे बेसॉल्ट. हरिहरेश्वराची प्रदक्षिणा याच कातळावरून जाते. तो घट्ट असतो, धार कमी असते, पण शेवाळ धरला की काचेसारखा निसरडा होतो. काळा असल्यामुळे तापतोही लवकर, उन्हात पन्नास अंशांच्या पुढे सहज जातो.

दीव, वेरावळ, गोपनाथ या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर चुनखडक आहे. भूशास्त्रात त्याला मिलिओलाइट म्हणतात. सूक्ष्म समुद्री जीवांची कवचं आणि वाळू चिकटून तो बनलेला आहे. पोरबंदरी दगड म्हणून बांधकामाला वापरतात तो हाच. उन्हात तो काळ्या कातळाइतका तापत नाही, पण समुद्राचं पाणी त्याला विरघळवून सुयांसारखे कंगोरे काढतं. तळहाताएवढ्या तुकड्यावर वीस-पंचवीस टोकं आणि मधे खळगे. पडलं तर कातळावर मुका मार बसतो, इथे गुडघा फाटतो. त्यामुळे दीवला मुलांना पूर्ण लांबीची पँट घाला, हाफ पँट नको.

नराऱ्याला चालणं प्रवाळाच्या पठारावरून आहे. पायाखाली कधी चिखल, कधी मेलेल्या प्रवाळाचा चुरा, कधी घोट्याएवढं पाणी.

मांडवीचा_दिवा
कावी-कंबोई का नाही? बडोद्यापासून ७५ किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी घरी. स्तंभेश्वर महादेव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. मुलांना भरती-ओहोटी समजावायला याहून सोपी जागा नाही.

कातळ
समजावायला उत्तम, पण तो किनारा गाळाचा आहे. महीच्या मुखाशी पाणी चहासारखं गढूळ असतं, खडकातलं जीवन तिथे दिसणार नाही. आणि त्या चिखलात उतरायचं नाही, पाय मांडीपर्यंत रुततो. मोठ्या सहलीच्या आधी एक रविवार तिथे नेऊन मुलांना पाणी कसं चढतं ते पायऱ्यांवरून दाखवा. मग दीवला "परत फिरा" म्हटलं की मुलं हट्ट करणार नाहीत.

निवटी
नराऱ्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. कच्छच्या आखातातलं हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासून, भारतातलं पहिलं. प्रवाळ, समुद्रफुलं, समुद्रकाकड्या, फुगा मासा, नशीब असेल तर ऑक्टोपस, हे सगळं घोटाभर पाण्यात चालत बघता येतं. पोहायला यावं लागत नाही. वनखात्याची परवानगी आणि त्यांचा वाटाड्या बरोबर लागतो, आणि वेळ ओहोटीवरच ठरते. किनाऱ्यापासून एक-दीड किलोमीटर आत जावं लागतं आणि वाटेत सावलीचं एक झाड नाही. खारफुटी आहे, तिच्याखाली बसता येत नाही. जीवन बघायला चौघांत हे सर्वांत श्रीमंत आणि मे महिन्यात सर्वांत कठीण. ७२ वर्षांच्या बाबांना घेऊन नराऱ्याला मे महिन्यात जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत जरूर जा.

उचलाउचल कुठेच करू नका. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा घरी आणायचा नाही.

अनामिका_र
खडकांत साचलेल्या पाण्याला "डबकी" म्हटलं की मला पावसाळ्यातले डास दिसतात. :) त्याला चांगला मराठी शब्द नाही का?

निवटी
खडककुंड म्हणा की, छान वाटतं. आता कुंड कसं बघायचं ते सांगते, कारण बहुतेक जण वरून डोकावतात, "काही नाहीये" म्हणतात आणि पुढे जातात.

सूर्याकडे तोंड करून उकिडवं बसायचं, म्हणजे आपली सावली कुंडावर पडत नाही. सावली सरकली की सगळे प्राणी दडतात. दोन मिनिटं अजिबात हलायचं नाही. पाण्यावर आकाश चमकत असेल तर स्वयंपाकघरातला पारदर्शक, सपाट बुडाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या आणि त्याचं बूड पाण्यात बोटभर दाबा. चमक जाते आणि आतलं खिडकीतून दिसावं तसं दिसतं. पहिल्यांदा कडेचा एक शंख चालायला लागतो. गोगलगाय असेल तर तो एका लयीत सरकतो. थांबत, अडखळत, दिशा बदलत पळाला तर आत संन्यासी खेकडा आहे. मग खडकाच्या रंगाचा बोटाएवढा मासा तळाशी पुढच्या परांवर टेकून बसलेला दिसतो. तो आधीपासून तिथेच असतो, आपल्या डोळ्यांना उशीर लागतो. भिंतीवर लालसर-तपकिरी लिबलिबीत गोळा दिसला तर ते मिटलेलं समुद्रफूल. पाण्यात राहिलेलं असेल तर उमललेलं असतं. त्यात बोट घालू नका. दीव-वेरावळच्या खडकांवर हिरव्या-तपकिरी बटणांचा गालिचा पसरल्यासारखं दिसतं, त्या झोअँथिडनाही हात लावायचा नाही. काहींत विष असतं.

दगड उलटून पाहिलात तर होता तसाच परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात अर्ध्या तासात मरतात. मुलांना बादलीत मासे पकडू देऊ नका. उन्हात लहान कुंडाचं पाणीसुद्धा तापतं, खारटपणा वाढतो आणि प्राणवायू कमी होतो. बादलीत तर हे काही मिनिटांतच होतं. आणि शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, जड शंख दिसला तर हात लावायचा नाही. जिवंत असेल तर विषारी काटा मारतो.

वाडीकर
डब्याची युक्ती अकरा वर्षांच्या मुलीने ऐकली आणि डबा बाजूलासुद्धा काढून ठेवला. आता बूट आणि ऊन यावर कोणीतरी लिहा.

कातळ
बूट: चप्पल, क्रॉक्स, अंगठ्याची सँडल, तिन्ही नकोत. ओल्या खडकावर टाच सुटली की घोटा गेला. नवे, कडक तळव्याचे ट्रेकिंगचे बूटही नकोत, ते कातळावर टिकत नाहीत. मंगळबाजारात मिळणारे साधे लेसचे कॅनव्हासचे बूट घ्या, रबरी तळवा, बोटांनी वाकवला तर वाकणारा. अर्धा नंबर मोठा, आत पातळ मोजा. पाण्यात शिरताना काढायचे नाहीत, बूट घालूनच पाण्यात. मुलांना आठ दिवस आधी घालायला द्या, नाहीतर ओल्या नव्या बुटाने टाचेला फोड येतात.

पाय ठेवायचा रंग बघून: फिकट आणि कोरडा खडक चांगला, हिरवा निसरडा, आणि काळा-चकचकीत ओला पापुद्रा सर्वांत वाईट, कारण तो शेवाळासारखा दिसत नाही. पांढरे खरखरीत ठिपके असतील तर ती बार्नॅकल आणि कालवं. त्यांवर बूट छान धरतो, पण हात टेकला तर सुरीसारखं कापतं. म्हणून हातात जुने सुती मोजे किंवा बागकामाचे हातमोजे. उडी नाही, एका दगडावरून दुसऱ्यावर पाऊल टाकत जायचं.

चाकं
छत्री घ्या सगळ्यांना. खडकावर सावली कुठून आणणार?

कातळ
बसलेल्या माणसाला छत्री चालेल, चालणाऱ्याला नाही. दहाच्या पुढे समुद्रावरून वारा सुटतो, छत्री उलटते, माणूस तोल सावरायला जातो आणि घसरतो. एक हातही अडकतो. हनुवटीखाली दोरी बांधता येईल अशी रुंद काठाची टोपी आणि मानेवर ओला पंचा.

चाकं
बरोबर. छत्री बाबांसाठी, टोप्या बाकीच्यांना.

दवाखाना
ऊन आणि बाबा या दोन्हींवर नीट लिहिते.

बडोद्यात ४२ अंश सोसणाऱ्या माणसाला किनाऱ्यावरचे ३५ किरकोळ वाटतात. इथेच फसगत होते. कोरड्या हवेत घाम उडतो आणि अंग गार होतं. समुद्राच्या दमट हवेत घाम नुसता ओघळतो, अंग गार होत नाही. हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार सुरू करतं, किनाऱ्यावर ३७ पासून, ते याच कारणाने. वर वारा लागत असल्यामुळे त्वचा भाजतेय हे कळत नाही आणि पाण्यावरून परतलेलं ऊन टोपीच्या खालून येतं. हनुवटी, कानामागे, गुडघ्यामागे आणि पावलांवर सनस्क्रीन विसरू नका. निघण्याआधी वीस मिनिटं लावायचं, दर दोन तासांनी पुन्हा. पण खरा बचाव पूर्ण बाह्यांचा सैल सदरा.

सौराष्ट्र पश्चिमेला असल्यामुळे दीवला सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नाही, पाऊणच्या सुमारास. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर तो अगदी माथ्यावर असतो, कड्याची सावलीसुद्धा पडत नाही. म्हणून अकरा ते साडेचार खोलीत.

पाणी: सकाळच्या चार तासांना मोठ्या माणसामागे दोन लिटर, मुलांमागे एक. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी पेलाभर. नऊ जणांना वीस लिटरचा जार आणि वर चार-पाच लिटर पाय धुवायला. ओआरएसची पाकिटं दहा ठेवा. नसतील तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या आणि नवं करा.

धोका कधी समजायचा: डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे आले तर सावली, पाणी, कपडे सैल. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जायला लागला किंवा अंग तापून लाल झालं तर तो उष्माघात. आधी १०८ ला फोन, तोवर मिळेल त्या पाण्याने अंग भिजवत वारा घाला. समुद्राचं पाणीही चालतं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

बाबांसाठी: मधुमेहात पावलांची जाणीव कमी झालेली असू शकते. खडकाने पाय भाजला किंवा कालवाने कापला तरी कळत नाही. अनवाणी एक पाऊलही नको. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा काढायचा, परतल्यावर तळवे कोणीतरी दुसऱ्याने उजेडात तपासायचे. सकाळी गोळी घेऊन उपाशी चालायला निघायचं नाही, आधी खाणं. इन्सुलिन असेल तर उन्हातल्या गाडीत ठेवू नका. बीपीची पाणी काढणारी गोळी असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जखम कोणालाही झाली तरी साबण आणि भरपूर गोड्या पाण्याने धुवा, शिंपल्याचे कण चिमट्याने काढा. हळद, कॉफी, माती काही भरायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर लगेच दवाखाना. समुद्राच्या पाण्यातले काही जंतू फार वेगाने पसरतात आणि मधुमेह्यांना ते जास्त घातक.

वाडीकर
डॉक्टरताई, मनापासून आभार. बाबांना वाचून दाखवलं. "अनवाणी नको" एवढंच त्यांना पटायला वेळ लागला, देवदर्शनाला बूट कसे घालायचे म्हणून.

दवाखाना
देवळाच्या पायऱ्यांसाठी जाड सुती मोजे चालतील, ओले झाले की लगेच बदलायचे.

सुगरण_बडोदे
खाण्यावर कोणी बोललंच नाही! थेपले, म्हणजे मेथीचे, किनाऱ्यावर नेऊ नका. ताज्या मेथीचा ओलावा आणि दमट हवा, दुसऱ्या दिवशी तार सुटते. न्यायचेच तर कसुरी मेथीचे. त्यापेक्षा दशम्या करा. १ किलो कणकेला साधारण ६०० मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे तेल, मीठ. पाण्याचा थेंब नाही. तीसेक दशम्या होतात. भाजल्यावर जाळीवर एकेक पूर्ण गार होऊ द्यायची आणि मगच चळत रचायची. गरम रचल्या की डब्याला आतून घाम येतो आणि तिथेच बुरशी धरते. बरोबर छुंदा आणि लसणाची कोरडी चटणी. दही, नारळ, उकडलेला बटाटा नको.

पन्हं: अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढा, गराच्या दीडपट गूळ, वेलची, थोडं जास्त मीठ. पाणी न घालता बरणीत भरा आणि तिथे एका वाटी गराला चार वाट्या गार पाणी.

चाकं
जारला ओलं गोणपाट गुंडाळलं की पाणी थंड राहतं, बर्फाची गरज नाही.

सुगरण_बडोदे
बडोद्यात राहतं. समुद्रावर गोणपाट वाळतच नाही तर गार कसं करणार? जे घामाचं तेच गोणपाटाचं, डॉक्टरताईंनी वर लिहिलंय. झाकणाचा थर्मास जार घ्या आणि निघताना तिसरा हिस्सा बर्फ.

अनामिका_र
संध्याकाळचं काय? सूर्यास्त खडकावरूनच सुंदर दिसतो. द्वितीयेला संध्याकाळीही साडेसातला ओहोटी येईल ना?

भरतीओहोटी
येईल, आणि मोह तिथेच पडतो. पण ओहोटी साडेसातला आणि अंधार पावणेआठला. सर्वांत लांब गेलेले असताना अंधार पडतो आणि त्याच वेळी पाणी फिरतं. शिवाय दुपारभर तापलेला खडक सहा वाजताही गरमच असतो. सूर्यास्त बघा, पण कोरड्या, उंच जागेवरून. बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटं लाटा बघा. खडकावर काळा ओला पट्टा दिसतो, त्याच्या वर दोन पुरुष अंतर ठेवा. समुद्राकडे पाठ करून फोटो नको. एप्रिल-मे मध्ये दूर दक्षिण हिंदी महासागरात उठलेल्या लाटा इथे वारा नसतानाही येऊन आपटतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात. हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था त्याचे इशारे देते, आदल्या रात्री बघून घ्या.

मे महिन्यात दुसरी काळजी वादळाची. १७ मे २०२१ ला तौक्ते दीव-ऊनाजवळच जमिनीवर आलं होतं. म्हणून बुकिंग रद्द करता येईल असंच करा. १ जूनपासून मच्छीमारांच्या होड्याही बंद होतात, त्यांच्या मागे समुद्रावर आपणही जायचं नाही.

चाकं
रस्ता: भावनगरमार्गे गोपनाथ पावणेतीनशे किलोमीटर, दीव चारशेच्या आसपास, नरारा चारशेच्या वर. दीवला रात्री अकराला निघून पहाटे पोचायचं आणि तसंच खडकावर उतरायचं, असा बेत कोणी करतं. तसं करू नका. झोप न झालेला माणूस शेवाळावर पहिला पडतो. पहिल्या दिवशी नुसतं पोचा. गाडी परतल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवून घ्या, मिठाने पत्रा खातो.

कातळ
मूळ प्रश्नावर येऊ. माझं मत दीव. गोपनाथचे कडे देखणे, देऊळ मोठं, नरसी मेहतांची परंपरा त्या जागेशी जोडलेली, पण आखाताचा ओढा जबरदस्त आणि ओहोटीची वेळ उन्हात. तिथे वरून बघावं, उतरू नये. हरिहरेश्वर चार दिवसांत बडोद्याहून दमछाक. दीवला पाणी दोन मीटरच्या आसपासच चढ-उतार करतं, म्हणजे चूक झाली तरी आवरायला वेळ मिळतो. जालंधरचा खडक, फुदमचं गंगेश्वर, जिथे पाच शिवलिंगांवर भरतीचं पाणी येतं, आणि मुलांना डुंबायला घोघला किंवा नागव्याची वाळू, सगळं पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरात.

निवटी
कातळ यांच्याशी सहमत. दुपारी खोलीत बसवत नसेल तर नायडा गुंफा. दगड काढून झालेल्या पोकळ्या आहेत, वरून उजेडाचे झोत येतात आणि आत गारवा. तोच चुनखडक आतून बघायला मिळतो.

वाडीकर
ठरलं. दीव. पंचांगात कृष्ण द्वितीया आणि तृतीया सोमवार-मंगळवारी येतात, कार्यालयात तीन रजा टाकल्या. रविवारी पोचायचं, सोमवार-मंगळवार सकाळी सहा ते साडेनऊ खडक, बुधवारी परत. एक शेवटची शंका: दोन मुलांमागे मोठे किती आणि बाबा खडकावर की वर?

भरतीओहोटी
एका मुलामागे एक मोठा, त्याच्या हातात मोबाइल नाही. तिसरा मोठा वर थांबून घड्याळ आणि घळी बघणार, तोच "परत" म्हणणार आणि त्याचं सगळ्यांनी ऐकायचं. बाबांना गंगेश्वरला ओहोटी असताना पायऱ्यांपर्यंत न्या आणि छत्रीत बसवा. तक्ता दीवचाच बघा, वेरावळचा नको, आणि दोन्ही दिवसांच्या वेळा कागदावर लिहून खिशात ठेवा. खडकावर मोबाइलला रेंज असेलच असं धरू नका.

सुगरण_बडोदे
आणि दशम्या शनिवारी रात्री करा, रविवारी पहाटे नाही. गार व्हायला दोन तास लागतात.